वीज किती, पाणी किती?
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेतील भाषण)



डेटा सेंटरचा विषय मंडळाच्या सभेत कशाला, असे काही सभासदांनी आम्हाला आधीच विचारले. कारण सरळ आहे. तेलंगण सरकारने 2016 मध्ये डेटा सेंटरसाठी स्वतंत्र धोरण आणले. 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने हैदराबादेत अशी केंद्रे उभारण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी अ‍ॅमेझॉनची केंद्रे सुरूही झाली. आपल्या घरांतली मुले या क्षेत्रात नोकरी करतात, याचा आम्हाला आनंदच आहे. पण वीज आणि पाणी साऱ्या शहराचे आहे. त्याचा हिशेब विचारला म्हणजे विकासाला विरोध केला, असे होत नाही.

हा हिशेब मांडायची रीत ठरलेली आहे. केंद्रात आलेल्या एकूण विजेला प्रत्यक्ष संगणकांना मिळालेल्या विजेने भागायचे. येणाऱ्या आकड्याला पीयूई म्हणतात. ‘ग्रीन ग्रिड’ या संस्थेने तो 2007 पासून प्रचारात आणला. संगणकांना 100 युनिट लागली आणि मीटरवर 160 पडली, तर पीयूई 1.6. वरची 60 युनिट बहुतांशी थंडाव्यात जातात, उरलेली यूपीएस, ट्रान्सफॉर्मर आणि दिव्यांत. संगणकांवर 10 मेगावॉट भार असलेल्या केंद्राने हा आकडा 1.3 वर आणला, तर दिवसाला 72,000 युनिट वाचतात.

त्यासाठी प्रत्येक वेळी महागडी यंत्रेच लागतात असे नाही. स्वयंपाकघराचे दार उघडे टाकून बैठकीत एसी लावला तर बिल कोणाचे वाढते? तिथेही तेच. संगणकांच्या रांगांतली गार आणि गरम हवा एकमेकींत मिसळू द्यायची नाही, रिकाम्या कप्प्यांवर झाकणे लावायची. सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश तापमान असावे, अशी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे. तरीही खोल्या विनाकारण गार ठेवण्याची सवय सुटत नाही. (आपल्या बँकांचेही तेच, भर मे महिन्यात पेन्शनर मंडळी शाल घेऊन जातात.)

मात्र एकट्या पीयूईवर भुलू नये. सर्व्हर नुसते चालू राहून काहीच काम करत नसले, तरी त्यांनी खाल्लेली वीज ‘संगणकांची’ म्हणूनच मोजली जाते. उलट ते रिकामे सर्व्हर बंद केले तर वीज वाचते, पण थंडाव्याचा खर्च त्या प्रमाणात उतरला नाही तर पीयूई वाढलेला दिसतो!

दुसरी गोष्ट पाण्याची. आपला वाळ्याचा कूलर मे महिन्यात काय गारवा देतो, आणि जुलैत नुसता दमटपणा करतो. म्हणून आकडा एखाद्या सोयीच्या महिन्याचा चालणार नाही, वर्षभराचा हवा. शिवाय पाणी उडवून थंडावा केला की पीयूई सुधारतो आणि पाण्याचा खर्च वाढतो. 1908 च्या मुसीच्या पुरानंतर बांधलेल्या उस्मानसागर आणि हिमायतसागरावर हे शहर आता भागत नाही. कृष्णा आणि गोदावरीचे पाणी दुरून उपसून आणावे लागते. त्या पंपांची वीज डेटा सेंटरच्या मीटरवर कुठे दिसते?

जर्मनीने 2023 च्या कायद्यात जुलै 2026 पासून सुरू होणाऱ्या नव्या केंद्रांना 1.2 ची मर्यादा घातली. युरोपीय संघाने त्याच वर्षी 500 किलोवॉट आणि त्यावरच्या केंद्रांना ऊर्जेची माहिती देणे बंधनकारक केले. मग सवलत घेणाऱ्याकडून आपण निदान आकडे तरी का मागू नयेत?

म्हणून आम्ही निवेदनात तीनच मागण्या ठेवल्या आहेत. प्रत्येक केंद्राने वर्षभराचा पीयूई जाहीर करावा, वापरलेले पाणी लिटरांत सांगावे, आणि सरकारी सवलत पुढे चालू ठेवताना हे दोन्ही आकडे तपासले जावेत. मसुदा कार्यालयात ठेवला आहे, तेलुगू प्रतही तयार होत आहे. मते मागायला जो कोणी दारात येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या हाती एक प्रत द्यावी आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे.