गप्प बसू नका, गप्प बसवू नका

(संघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण, जवळपास त्यांच्याच शब्दांत.)



मी काही भाषण करणारी बाई नाही. गटात बोलते तसंच बोलणार. आज हप्ता, व्याज बाजूला ठेवू आणि लेकरांबद्दल बोलू.

मोबाइलवर अधूनमधून मेसेज फिरतो, 'मुलं पळवणारी टोळी आली आहे.' आपण घाबरतो आणि लगेच पुढच्या ग्रुपवर टाकतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावानं पाच माणसं मारून टाकली. भिक्षा मागून पोट भरणारी, सोलापूरकडची भटक्या समाजाची माणसं होती ती. त्यांनी कुणाचंही लेकरू पळवलं नव्हतं. म्हणून सांगते, कुणाचा संशय आला तर पोलीस पाटलाला सांगा, ११२ ला फोन लावा. अंगावर हात टाकू नका आणि तसला मेसेज पुढं ढकलू नका.

आपण झोळीवाल्याच्या भीतीनं वेशीकडं तोंड करून बसतो. पण पुष्कळ वेळा लेकरू नेणारा ओळखीतला असतो. कुणी लांबचा नातेवाईक असतो, कुणी कामाला लावतो म्हणणारा असतो. 'हुंडा नको, लग्नाचा खर्च आम्हीच करू' म्हणत परमुलखातलं स्थळ आणणारा असतो. नाहीतर मोबाइलवर गोड बोलणारा असतो.

माझ्या घरचीच गोष्ट सांगते. माझ्या नणंदेची मुलगी, वय पंधरा. आईबाप ऊसतोडीला गेले होते, पोर आजीजवळ. एका संध्याकाळी ती शाळेतून आलीच नाही. आम्ही काय केलं? दोन दिवस गुपचूप नातेवाइकांकडं फोन करत बसलो. 'पोरगी आली का' असं सरळ विचारायचीसुद्धा लाज. गावात कळलं तर अब्रू जाईल, पुढं लग्न कसं जमेल, हेच डोक्यात. तिसऱ्या दिवशी तक्रार द्यायला गेलो तर तिथं म्हणाले, "स्वतःच गेली असेल, येईल परत. बघा अजून दोन दिवस." आम्ही मान हलवून परत आलो.

पोर अकराव्या दिवशी सापडली, दुसऱ्या जिल्ह्यात. त्या अकरा दिवसांत काय झालं ते तिचं तिच्याजवळ. ते मी सांगणार नाही आणि तुम्हीही कुणा पोरीला कधी विचारू नका. पण एक गोष्ट ती मला बोलली. "मामी, तो मुलगा पहिल्यांदा धमकी द्यायला लागला ना, तेव्हाच तुला सांगणार होते. पण तुम्ही शाळा बंद केली असती."

बायांनो, हे वाक्य माझ्या काळजात रुतून बसलंय. कारण मीच तिला म्हणाले होते, "मोबाइलवर काही भानगड दिसली तर शाळा बंद." तिला बोलायची भीती, आम्हाला बोलायची लाज. दोन्हीकडच्या गप्पपणाचा फायदा त्या माणसाला झाला.

तेव्हा मला जे माहीत नव्हतं ते तुम्ही आज लिहून न्या.

हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागतं, असा कुठलाही कायदा नाही. मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ सालचा आदेश आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवून घेतच नसतील तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडं लेखी तक्रार पाठवा. आणि 'ती स्वतः गेली' असं कुणी म्हटलं तर सांगा, अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला फूस लावून नेणं हा गुन्हाच आहे. तिची मर्जी होती की नव्हती, हा प्रश्नच येत नाही.

पोर दिसेना झाली की एकीनं घरी थांबायचं, ती परत आली तर कुणीतरी हवं. दुसरीनं फोटो घेऊन ठाण्यात जायचं. अंगावर कुठले कपडे होते, जवळ मोबाइल होता का, शेवटचं कुणी पाहिलं, हे सांगायचं. तिसरीनं एसटी स्टँड गाठायचं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत. तिथंही कळवायचं. पोरीच्या वह्या, मोबाइल यातलं काही फाडायचं नाही, पुसायचं नाही. पोलिसांना माग त्यातूनच लागतो.

आणि वेळ येण्याआधीचं? लहान लेकरासाठी घरात एक खुणेचा शब्द ठरवा. 'आईनं बोलावलंय' म्हणत कुणी न्यायला आलं तर लेकरानं तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर ओरडत माणसांत पळायचं. आपला मोबाइल नंबर आणि १०९८ त्याच्याकडून पाठ करून घ्या. वर्षातून दोनदा फोटो काढून ठेवा.

मोठ्या पोरापोरींना मात्र धाक पुरत नाही. त्यांना एवढंच सांगा, "काहीही चुकलं असलं तरी आधी मला सांग. मी शाळा बंद करणार नाही." आणि म्हटलं की पाळा. पोरगं सांगायला आलं की हातातलं काम ठेवा. पहिल्याच वाक्याला ओरडलात तर दुसरं वाक्य तुम्हाला कधीच ऐकायला मिळणार नाही.

शेवटी एक विनंती. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं ठराव घ्यावा. दिवाळीनंतर ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजीआजोबांजवळ राहतात, त्या घरांची यादी करायची. एकेक घर एकेका सदस्येनं वाटून घ्यायचं आणि आठवड्यातून दोनदा डोकवायचं, "जेवलीस का, शाळेत गेलीस का" एवढं विचारायचं. शाळेत हंगामी वसतिगृह चालतं का, तेही बघायचं. गावची बाल संरक्षण समिती कागदावरच असेल तर अंगणवाडी ताईंना आणि सरपंचांना बैठक लावायला सांगायचं.

गटाचा हप्ता एक दिवस चुकला तर आपण चौघी जणी त्या घरी जातो. मग लेकरू एक संध्याकाळ घरी आलं नाही, तर किती जणींनी जायला हवं?

माझी भाची यंदा दहावीला बसली आहे. तिला विचारूनच मी आज बोलले. ती म्हणाली, "सांग मामी, नाव नको घेऊ, पण सांग."