सहा कोटी डॉलरचे शालेय मैदान

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, डॅलसच्या उत्तरेला अ‍ॅलन नावाचे शहर आहे. तिथल्या हायस्कूलच्या फुटबॉल संघासाठी २०१२ साली १८ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ. खर्च आला सुमारे सहा कोटी डॉलर. हा पैसा २००९ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ११ कोटी ९० लाखांच्या कर्जरोख्यांतला. म्हणजे फेड नागरिकांच्या करातून.

दीड वर्षातच काँक्रीटला तडे गेले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टेडियम बंद झाले. त्या हंगामात संघाला घरचे मैदान उरले नाही, तरीही तो राज्यविजेता ठरला! दुरुस्तीचा भार वास्तुरचनाकार आणि कंत्राटदाराने उचलला. २०१५ मध्ये दारे पुन्हा उघडली.

संघ काही स्टेडियममुळे जिंकत नव्हता. स्टेडियम मात्र गावाच्या पैशावर उभे होते. शाळेच्या इमारतीसाठी आपणही वर्गणी देतो, पावती जपून ठेवतो. तेवढ्यावर थांबू नये. अधूनमधून बांधकामावरही चक्कर मारावी.