बालाघाटाच्या माथ्यावर एक दिवस



शालेय सहलीचा विषय निघाला की वेरूळ, दौलताबाद किंवा कोकणचा समुद्रकिनारा आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ही स्थळे मुलांनी अवश्य पाहावीत. परंतु आपल्याच जिल्ह्यातील बालाघाटाचा डोंगर त्यांच्या पायाखालून कधीच जाऊ नये, हे मला योग्य वाटत नाही. म्हणून आज एका दिवसाच्या सहलीविषयी बोलणार आहे.

बीडहून सकाळी लवकर निघावे. पालीजवळ बिंदुसरेचा जलाशय लागतो. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढला की पठार सुरू होते. तेथून जवळच कपिलधार आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार आणि वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी, दोन्ही येथे एकाच परिसरात आहेत. वाहन अलीकडे थांबवून शेवटची वाट मुलांनी पायी चालावी. खडक, माती आणि झाडे यांची ओळख चालताना होते. खिडकीतून होत नाही.

नंतर पश्चिमेस पाटोद्याचा रस्ता धरावा. याच तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य असून ते १९९४ साली घोषित झाले. त्याही पुढे सौताडा. येथे विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते. दरीत रामेश्वराचे मंदिर आहे. उतरताना जपावे आणि चढताना दम घ्यावा.

येथे मुलांना एक प्रश्न विचारावा : हे पाणी जाते कोठे? बिंदुसरेचे पाणी सिंदफणेत आणि पुढे गोदावरीत जाते. विंचरणेचे पाणी मात्र सीना आणि भीमा यांच्यावाटे कृष्णेला मिळते. म्हणजे एका दिवसात आपण दोन महानद्यांमधील जलविभाजक ओलांडला! मांजराही पाटोदा तालुक्यातच उगम पावते. तिच्यावरील धनेगावचे धरण आटले, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. माथ्यावर मुरलेल्या प्रत्येक थेंबाचे मोल मुलांना सांगण्यास याहून चांगला वर्ग नाही.

आता मुख्य मुद्दा. आपल्या सहली बहुधा डिसेंबरात निघतात. त्या वेळी हे धबधबे आटत आलेले असतात, आणि वर्गातील अनेक बाकेही रिकामी झालेली असतात. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे जातात. कोयत्याबरोबर मुलेही जातात. ज्यांच्या पदरी शाळेचे दिवस आधीच थोडे, त्यांच्याच वाट्याला सहल येत नाही. म्हणून ही सहल भाद्रपदात काढावी. अंतर थोडे असल्याने खर्चही बेताचा येतो.

मार्गावरील पंचायतींकडे माझे मागणे लहानच आहे. कड्याच्या काठी कठडा असावा, पिण्याच्या पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय असावी, कचरा दरीत पडू नये. पाऊस जोराचा असेल त्या दिवशी शिक्षकांनी सहल निःसंकोच पुढे ढकलावी आणि कोणासही धारेखाली जाऊ देऊ नये.

आपल्या मुलांपैकी अनेकांना जिल्ह्याबाहेरचा रस्ता पोटासाठी लहानपणीच ठाऊक होतो. आपल्या डोंगराचा रस्ता त्यांना आनंदासाठी ठाऊक व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.