आधी नक्कल नीट करा



पदवी हातात पडली की ‘काहीतरी वेगळं करा’ असा सल्ला चहूकडून मिळतो. मी तो देणार नाही. वेगळं करायचंच असं ठरवून बसलेल्या माणसाच्या हातून बहुधा नुसतं विचित्र काहीतरी होतं. त्यापेक्षा कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्याविषयी बोलतो.

मूळ आडनाव मेस्त्री. शाळेशी फारसा संबंध नाही. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट आला आणि दोघांना सिनेमानं झपाटलं. पण कॅमेरा विलायतेतून आणायचा तर पैसा कुठला? तेव्हा विल्यमसन कॅमेऱ्याच्या धर्तीवर त्यांनी स्वतःच तो बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम तडीस नेलं, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आला.

म्हणजे सुरुवात नकलेचीच. पण कसली नक्कल! भिंगामागे फिल्म सरकते, निमिषभर थांबते, पुन्हा सरकते. हे यंत्र हातानं घडवायचं तर त्याचा दाता न् दाता कळावा लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढलेल्या नोट्स ही निराळी नक्कल. तिची मातब्बरी तुम्हाला मी सांगायला नको.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ज्यानं तारुण्य पडदे रंगवण्यात घालवलं, त्यानंच सिनेमातल्या रंगवलेल्या पडद्यांऐवजी प्रत्यक्ष उभारलेले, वावरता येतील असे सेट आणले. पडद्यावरची भिंत कुठे खोटी पडते हे पडदे रंगवणाऱ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? जुनं त्यानं मोडलं ते जुन्यात पुरतं मुरल्यावर. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तर त्यानं कर्जात जमीन गमावून शहरातल्या गिरणीत जाणारा शेतकरी दाखवला. पौराणिक चित्रपटांसारखी गर्दी या चित्रपटाला लाभली नाही. तुमच्याही वाट्याला असं येईल. तेवढ्यानं काम खोटं ठरत नाही.

आता तुमच्याकडे मोबाइल आहे, विचारताक्षणी उत्तर लिहून देणारी यंत्रं आहेत. ती जरूर वापरा. मात्र त्याआधी आपलं वाकडंतिकडं उत्तर कागदावर उतरवा, मगच यंत्राचं बघा. नोकरीत कोणी छापील नमुना देऊन ‘हे असंच भरायचं असतं’ म्हणेल. निमूट भरा, पण प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते विचारून घ्या.

आणि पालकहो, घरातला मिक्सर कोणी खोलून बसलं तर रागावू नका. फक्त तो परत जोडून चालू करून दाखवायला सांगा.