‘ती काही बोलली नाही’ म्हणजे काय?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आज एका तत्त्वज्ञाबद्दल बोलायचे आहे. घाबरू नका, शेवटी हक्कसोडपत्रापाशीच पोचायचे आहे.

मे. पुं. रेगे (१९२४ ते २०००) मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत. पुढे ते ‘नवभारत’ मासिकाचे संपादक होते. १९८३ मध्ये पुण्यात त्यांनी व दया कृष्ण यांनी न्यायशास्त्राच्या पंडितांपुढे बर्ट्रांड रसेलचा विचार ठेवला. चर्चा संस्कृतात झाली. वादाआधी शब्दाचा अर्थ नक्की करायचा, आणि एखादी गोष्ट आपल्याला कशावरून कळली ते तपासायचे, ही शिस्त एम.एस.डब्ल्यू. करताना मी रेग्यांच्या लेखनातून घेतली. तिचा कस मात्र इथे लागला.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने आपल्याकडे ऊस आला, जमिनीला भाव आला. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतातच. एका घरी मी विचारले, “ताईंची संमती होती का?” भाऊ म्हणाला, “होती की! ती काही बोललीच नाही.” मी वहीत ‘संमती आहे’ असे लिहिले. पुढे ती एकटी भेटली तेव्हा म्हणाली, “बोलले असते तर माहेर तुटलं असतं.”

माझी चूक दुहेरी होती. गप्प राहण्याला मी संमती समजले, ही ज्ञानातली चूक. तिच्याबद्दल तिला न विचारता भावाचा शब्द प्रमाण मानला, ही नीतीतली. दोन्ही एकाच ओळीत घडल्या.

मथुरा प्रकरणात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडूनही असेच झाले. अंगावर जखमा नाहीत, म्हणून संमती, असा अर्थ लावून दोन पोलीस निर्दोष सुटले. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुल्या पत्रात निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांतला फरक दाखवला. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: पोलीस कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे बाईने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरायचे.

म्हणून यापुढे नोंद करताना तीन प्रश्न विचारू या. आपला हक्क तिला माहीत होता का? नाही म्हणायची मोकळीक होती का? आणि हे आपल्याला कोणी सांगितले? सगळे कळूनही तिने हक्क सोडला, तर तो तिचा निर्णय. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘भावाने’ असे असेल, तर नोंद अपुरी समजा आणि पुन्हा तिच्याकडे जा.