एम्शर : दोन नद्यांमधली तिसरी

जर्मनीतील नदी म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम ऱ्हाईन उभी राहते. तिच्या काठचे किल्ले, द्राक्षांचे मळे आणि मालवाहू बोटींची अखंड वर्दळ यांची वर्णने आपण शाळेपासून वाचलेली असतात. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे, ती नदी ऱ्हाईनला मिळणाऱ्या अनेक लहानसहान प्रवाहांपैकी एक होय. तिचे नाव एम्शर. लांबीने ती ऐंशी किलोमीटरांहून थोडीशीच अधिक, म्हणजे साधारणपणे आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेएवढी. तिच्या काठी एकही तीर्थक्षेत्र नाही. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावयास जावे असे तिच्यात फारसे काही नव्हते. असे असूनही, नदी आणि माणूस यांच्या संबंधात काय काय घडू शकते, हे ज्याला एकाच ठिकाणी पाहावयाचे असेल, त्याने या नदीचा इतिहास अवश्य पाहावा.

प्रथम तिचा भूगोल ध्यानात घेऊ. पश्चिम जर्मनीत ऱ्हाईनच्या उजव्या तीरास तीन नद्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, जवळजवळ समांतर अशा वाहत येतात. दक्षिणेस रूर, उत्तरेस लिपे आणि या दोघींच्या मध्ये एम्शर. रूर डोंगराळ मुलुखातून येते, तिचे पाणी भरपूर आणि वेगवान. लिपे मैदानातून संथपणे येते. एम्शर या दोघींहून धाकटी. डॉर्टमुंड शहराच्या पूर्वेस होल्त्सविकेडे नावाचे गाव आहे. तेथे टेकड्यांच्या एका लांबट रांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीवर, एका जुन्या शेतवाड्याच्या आवारात तिचा उगम होतो. तेथून डॉर्टमुंड, कास्ट्रॉप-राउक्सेल, हेर्ने, गेल्झेनकिर्शेन, एसेन, बॉट्रॉप, ओबरहाउझेन अशा एकास एक लागून असलेल्या शहरांच्या हद्दींतून ती वाहते आणि डिन्सलाकेन व फोर्डे यांच्या सीमेपाशी ऱ्हाईनला मिळते.

तिच्या साऱ्या वाटेवरचा उतार मिळून सव्वाशे मीटरांच्या आसपास आहे, आणि त्यातला बराच मोठा भाग ती डॉर्टमुंड शहर ओलांडीपर्यंतच संपवून टाकते. पुढे जमीन इतकी सपाट, की पाण्याला कोठे जावे हेच सुचू नये. म्हणून पूर्वीची एम्शर नागमोडी वळणे घेत, ठिकठिकाणी फाटे फोडीत, दलदलीतून आणि ओल्या अरण्यातून रेंगाळत जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या दलदलीच्या रानात रानटी घोड्यांचे कळप हिंडत. ते धरून हेर्ने परिसरातील क्रांगे या गावी त्यांचा बाजार भरवीत. घोडे गेले, रान गेले. पण त्या बाजारातून वाढलेली जत्रा आजही दर वर्षी ऑगस्टमध्ये भरते आणि जर्मनीतील मोठ्या जत्रांमध्ये तिची गणना होते.

या झोपाळू खोऱ्याचे भाग्य पालटले ते कोळशामुळे. रूरच्या काठी कोळशाचे थर जमिनीच्या पृष्ठभागाजवळ होते, म्हणून तेथील खाणी जुन्या. उत्तरेकडे जावे तसे तेच थर अधिकाधिक खोल जातात. खोल खाणीतील पाणी उपसून काढणारी वाफेची यंत्रे आली, तेव्हा खाणमालकांची दृष्टी एम्शरच्या खोऱ्याकडे वळली. १८४७ मध्ये कोलोन ते मिंडेन हा लोहमार्ग याच सपाट खोऱ्यातून पुरा झाला. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आत येथे खाणी, कोक भट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि त्यांच्याभोवती मजुरांच्या वसाहती अशी दाटी झाली, की एक शहर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे परक्याला सांगता येऊ नये.

या सर्वांचे सांडपाणी कोठे जाणार? ते एम्शरमध्ये जाऊ लागले. आधीच संथ असलेली नदी त्या भाराने तुंबली. त्यात आणखी एक संकट होते. खालून कोळसा काढून घेतल्यावर वरची जमीन खचते. या प्रदेशात ती काही ठिकाणी वीस मीटरांहूनही अधिक खचली. रस्ता वाकला तर दुरुस्त करता येतो, घराला तडा गेला तर बुजविता येतो. पण नदीच्या पात्राचा मधला भाग खाली बसला म्हणजे पाण्याने पुढे जावयाचे कसे? पावसाळी दिवसांत घाण पाणी वस्त्यांत शिरून आठवडेच्या आठवडे साचून राही, आणि पाठोपाठ विषमज्वर व पटकी येत. एक गाव आपले पाणी पुढच्या गावाकडे लोटी, पुढचे गाव कज्जा करी. खाणमालक नगरपालिकेकडे बोट दाखवीत आणि नगरपालिका खाणमालकांकडे.

येथून या कथेत जे घडले ते प्रशासनाच्या कामात आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्यास विशेष विचार करावयास लावणारे आहे. १८९९ च्या डिसेंबरात बोखुम येथे या खोऱ्यातील शहरे, खाणी आणि कारखाने यांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि त्यांनी 'एम्शरगेनॉसेनशाफ्ट', म्हणजे एम्शर सहकारी मंडळ, स्थापन केले. १९०४ मध्ये प्रशियाच्या सरकारने खास कायदा करून त्यास अधिकार दिले. नदी एक, तर तिचा कारभारही एक. मग मधून कितीही नगरपालिकांच्या सीमा जावोत, हे त्याचे मूळ तत्त्व. सभासदत्व ऐच्छिक नव्हते. जो नदीला बिघडवितो किंवा जो तिच्या व्यवस्थेचा लाभ घेतो, त्याने त्या त्या प्रमाणात वर्गणी भरावी, असा नियम. आज साऱ्या जगात या तत्त्वाची चर्चा होते. येथे ते विसाव्या शतकाच्या आरंभीच हिशेबाच्या वहीत उतरले होते.

परंतु या मंडळाने केलेला पहिला मोठा निर्णय ऐकून मन दचकते. तिन्ही नद्या स्वच्छ राखणे शक्य नाही, तेव्हा त्यांची कामे वाटून द्यावीत, असे एकूण धोरण ठरत गेले. रूरने पिण्याचे पाणी पुरवावे. तिच्या शुद्धतेसाठी १९१३ मध्ये वेगळा कायदाही झाला. आणि एम्शरने सर्वांची घाण वाहून न्यावी. रूरचे पाणी पंपांनी वर चढवून एम्शरच्या खोऱ्यातील शहरांना द्यावयाचे आणि वापरून झाले की एम्शरमध्ये सोडावयाचे, असा क्रम पडला. जमीन सतत खचत असल्याने भुयारी गटारे बांधणे निरुपयोगी होते. ती वर्षा-दोन वर्षांत फुटली असती. म्हणून नदीलाच उघडे गटार करण्यात आले. विल्हेल्म मिडेलडॉर्फ या अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणे तिची वळणे कापली, पात्र खोल आणि सरळ केले, तळाशी काँक्रीटच्या फरश्या बसविल्या, दोन्ही बाजूंस बांध घातले. जमीन खचत गेली तसे बांध उंच होत गेले. अखेर कित्येक ठिकाणी नदी वर आणि घरे खाली असे विपरीत दृश्य दिसू लागले. मुखापाशी तर जमीन इतकी बसली, की संगमच उचलून उत्तरेकडे न्यावा लागला. एकदा १९१० मध्ये आणि पुन्हा १९४९ मध्ये. सोडून दिलेली पात्रे 'जुनी एम्शर' आणि 'लहान एम्शर' या नावांनी आजही नकाशावर आहेत.

हा निर्णय मूर्खपणाचा होता काय? तसे म्हणता येत नाही. त्यामुळे पुराचे पाणी हटले, रोगराई ओसरली, लाखो माणसांना कोरड्या जमिनीवर राहता आले. याच कामातून एक उपयुक्त शोधही लागला. मंडळातील कार्ल इमहॉफ या अभियंत्याने दुमजली टाकी तयार केली. वरच्या भागातून सांडपाणी संथपणे वाहते, त्यातील गाळ फटीतून खालच्या कप्प्यात उतरतो आणि तेथे त्याचे निर्वेध कुजणे चालू राहते. जर्मनीत तिला 'एम्शर विहीर' म्हणतात. आपल्या देशातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती 'इमहॉफ टाकी' या नावाने परिचित आहे. म्हणजे या अपरिचित नदीचे काही ऋण आपल्याकडेही आहे.

तरीही त्या निर्णयाची किंमत कोणीतरी भरतच होते. जवळजवळ शंभर वर्षे या खोऱ्यातील मुलांनी नदी पाहिली ती कुंपणाच्या जाळीतून. आत पडले तर गुळगुळीत काँक्रीटच्या उतारावरून वर चढणे अशक्य, म्हणून 'प्राणास धोका' अशा पाट्या काठावर लागलेल्या. उन्हाळ्यात दुर्गंधीमुळे खिडक्या मिटून घ्याव्या लागत. लोकांनी तिच्या ओढ्यांना एक नाव ठेविले होते. त्याचा अर्थ या ठिकाणी न सांगितलेलाच बरा. ज्या शहरांनी जर्मनीस कोळसा आणि पोलाद दिले, त्या शहरांच्या वाट्यास अशी नदी आली. रूरच्या काठची टुमदार उपनगरे आणि एम्शरच्या काठच्या मजूर-वसाहती यांतील अंतर थोड्याच किलोमीटरांचे. पण एकाच प्रदेशात कोणाच्या दाराशी काय वाहावे हे त्या वाटणीने ठरवून टाकले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणी एकामागून एक मिटू लागल्या, ज्या उरल्या त्या उत्तरेकडे सरकल्या, आणि एम्शरच्या काठची जमीन खचणे थांबले. उघड्या गटाराचे जे एकमेव समर्थन होते ते नाहीसे झाले. आता नळ जमिनीखाली घालणे शक्य होते. १९९२ मध्ये त्याच मंडळाने, म्हणजे ज्याने नदीचे गटार केले त्यानेच, तिला पुन्हा नदी करण्याचे काम हाती घेतले. ते तीस वर्षे चालले आणि त्यास सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च आला.

काम समजण्यास सोपे, करण्यास कठीण. चारशे किलोमीटरांहून अधिक लांबीची नवी भुयारी गटारे घालावी लागली. त्यांपैकी मुख्य गटार डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटर लांब आहे. घाण साचू नये म्हणून त्यास दर किलोमीटरला दीड मीटर उतार दिला आहे. वरची जमीन इतक्या वेगाने उतरत नाही, म्हणून गटार खोल खोल जात काही ठिकाणी चाळीस मीटरांपर्यंत पोहोचते. गेल्झेनकिर्शेन, बॉट्रॉप आणि ओबरहाउझेन येथील प्रचंड पंप ते पाणी पुन्हा वर उचलतात. २०२१ च्या अखेरीस नदीत येणारे सांडपाण्याचे अखेरचे प्रवाह बंद झाले. २०२२ मध्ये संगमापाशी नवे मुख खुले करण्यात आले. पूर्वी तेथे पाणी काँक्रीटच्या पायरीवरून कित्येक मीटर खाली कोसळत असे आणि ऱ्हाईनमधून मासा वर येणे अशक्य होते. आता तेथे पसरट पूरमैदान आहे.

डॉर्टमुंडच्या ह्योर्डे भागात तर नदी पोलादाच्या कारखान्याखाली अक्षरशः पुरली गेली होती. २००१ मध्ये कारखाना बंद पडला, चिनी कामगारांनी तो सुटा करून आपल्या देशात नेला, आणि त्या मोकळ्या जागेवर २०१० पासून पाणी भरून चोवीस हेक्टरांचा तलाव करण्यात आला. त्याच्या कडेने आज एम्शर उघड्यावर वाहते.

या साऱ्यात मला सर्वांत हृद्य वाटते ती एका माशाची हकीगत. बोटभर लांबीचा, तळाशी दगडांच्या आड राहणारा एक मासा या खोऱ्यात मूळचा होता. सर्व प्रवाह नासले तेव्हा बॉट्रॉपजवळच्या बोये नावाच्या ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाशी, जेथे गटार पोहोचले नव्हते, तेथे त्याची थोडी वस्ती टिकून राहिली. त्याच वस्तीतील मासे पुढे स्वच्छ झालेल्या इतर ओढ्यांत नेऊन सोडण्यात आले. तो कोपरा कोणी योजून राखलेला नव्हता. तो केवळ विसरला गेला होता. पण तो नसता तर साडेपाच अब्जांनीही तो मासा परत आणता आला नसता.

आणि एक गोष्ट पैशानेही परत येणार नाही. खचलेली जमीन पुन्हा वर उचलता येत नाही. या खोऱ्याचा सुमारे चाळीस टक्के भाग आज बशीसारखा खोलगट आहे. तेथे पडणारा पाऊस आपोआप नदीकडे जात नाही. तो पंपांनी चढवून न्यावा लागतो. जर्मनीतील दगडी कोळशाची अखेरची खाण, बॉट्रॉपची प्रॉस्पर-हानिएल, २१ डिसेंबर २०१८ रोजी बंद झाली. पंप मात्र बंद करता येत नाहीत. ते थांबले तर मोठाल्या वस्त्या हळूहळू तळ्यांत बुडून जातील. जर्मन लोक या खर्चाला 'अनंतकाळचे ओझे' म्हणतात, आणि सरकारी दप्तरात हा शब्द अलंकार म्हणून आलेला नाही. त्याची दर वर्षी तरतूद करावी लागते.

नदीचा बळी देण्यास या खोऱ्याला फारसा काळ लागला नाही, आणि ज्यांनी तो दिला ते दुष्टही नव्हते. आपापल्या काळची निकड त्यांनी प्रामाणिकपणे भागविली. तिला सोडविण्यास तीस वर्षे लागली, आणि तेही अशा मंडळामुळे शक्य झाले, की ज्याने सव्वाशे वर्षे, दोन महायुद्धे आणि अनेक राजवटी पाहूनही आपले दप्तर आणि आपली जबाबदारी सोडली नाही. कोणी पालिका बदलली, कोणी मालक दिवाळखोर झाला, तरी नदीचे उत्तरदायित्व कोणाकडे, हा प्रश्न तेथे कधी अनुत्तरित राहिला नाही. होल्त्सविकेडेपासून ऱ्हाईनपर्यंत आज कोणी काठाकाठाने गेला तर त्यास निवळ पाणी, नवी झुडपे, क्वचित एखादा खंड्या दिसेल. त्याने थोडे थांबून कान दिला, तर बांधापलीकडे कोठेतरी चालू असलेल्या पंपाची घरघरही त्याच्या कानी पडेल. एम्शरची कथा पुरी समजावयाची तर ती दोन्ही ऐकली पाहिजेत.