पहिला खर्च बेअरिंगचा



शर्यतीची छोटी रिमोटची गाडी मुलाच्या हाती आली, की त्याची पहिली मागणी मोठ्या मोटरची असते. पालकही कौतुकाने ती पुरवतात आणि गाडी पहिल्याच वळणावर उलटते.

जपानच्या तामिया कंपनीची टीटी-०२ ही अनेकांची पहिली गाडी. खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराची, सुट्या भागांतून घरी जुळवायची. तिचे आस ज्यांत फिरतात ते बुश मूळ संचात प्लास्टिकचे असतात. धुळीने त्यांची भोके झिजतात, आस डगमगतात, मोटरची बरीच शक्ती घर्षणातच जाते. म्हणून पहिला खर्च बॉल बेअरिंगचा. तो बाहेरून दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही. मुलांना तो पटत नाही तो यामुळेच. मोटर काढून ठेवून चाक बोटाने फिरवले, तर फरक हाताला कळतो.

त्यानंतर टायर, गालिच्यावर चालणारे डांबरावर चालतीलच असे नाही. मग तेलाचे शॉक अब्सॉर्बर. मोटर शेवटी. रंगीत ॲल्युमिनियमचे भाग मोहक खरे, पण धडकेत तुटलेला प्लास्टिकचा तुकडा स्वस्तात बदलता येतो. आणि एका वेळी एकच भाग बदलावा; दोन बदलले तर गुण कशाचा, हे समजत नाही.

बेअरिंग बसवण्यासाठी गाडी पूर्ण उघडावी लागते. त्या दुपारी पालकांनी शेजारी बसावे. स्क्रू मात्र मुलालाच पिळू द्यावेत.